झुंबरबाईचा न उठणारा अंगठा

अंगठा उठला नाही म्हणून झुंबरबाई पहिल्यांदा परत आली, तेव्हा तिला वाटलं, आपण हात नीट धुतले नसतील. घरी येऊन तिनं चुलीतली राख घेतली, नारळाच्या शेंडीनं बोटं घासली, वर खोबरेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गावातल्या सेवा केंद्रात जाऊन बसली. केंद्र चालवणारा बाळासो तसा ओळखीतला, भावकीत शोभावा असा. त्यानं तिचा अंगठा काचेवर टेकवला, दाबला, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा टेकवला. मग डावा अंगठा घेतला. मग एकेक करत दहाही बोटं झाली. यंत्रावरचा लाल दिवा काही हिरवा होईना.

"आक्का, यंत्र म्हणतंय, ही बोटं तुमची न्हाईत."

"माझीच हाईत की. दुसऱ्या कुणाची घेऊन आलो व्हय मी?"

बाळासो हसला, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. झुंबरबाईला अपंगांचं पेन्शन होतं. ते चालू राहायचं तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे अंगठा लावून दाखवायचं, असा नवा नियम आला होता. अंगठा उठत नसेल तर मोबाईलवर आकडे येतात, ते सांगितले तरी चालत होतं. पण तिच्या आधारला नंबर होता तो तिच्या धाकट्या दिराचा, हंबीररावचा. कार्ड काढायच्या वेळी घरात तेवढा एकच मोबाईल होता. ते सिमकार्ड बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली होती.

अशा रीतीनं, चांगली खणखणीत बोलणारी, चालणारी, भांडणारी झुंबरबाई कागदावर जिवंत आहे की नाही हे कुणालाच सांगता येईना.

चंदगड तालुक्यातल्या डोंगरात करंजवाडी नावाचं तिचं गाव. नेसरीकडून दिवसाला तीन एसट्या येतात, त्यातली एक पावसाळ्यात येतेच असं नाही. तीन वर्षांची असताना पोलिओनं तिचा उजवा पाय बारीक राहिला. गुडघ्यावर हात टेकून पाऊल टाकायची तिला सवय झाली आणि त्या चालीनंच ती विसाव्या वर्षी गुंडूची बायको होऊन या गावात आली. गुंडू गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. चार वर्षं संसार झाला, मूल झालं नाही. मग तो कामासाठी गोव्याला गेला. पहिली दोन वर्षं गणपतीला यायचा, येताना सासूला साडी आणायचा. पुढं साडी नाही, गणपती नाही आणि गुंडूही नाही. म्हापशाकडं त्यानं दुसरं घर केलंय, हे एका ड्रायव्हरनं येऊन सांगितलं. त्या दिवशी झुंबरबाईनं नाचण्याची भाकरी थापली, सासूला वाढली, आपणही जेवली आणि भांडी घासायला बसली. रडली असेल तर कुणी पाहिलं नाही.

गावाला वाटलं, आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. त्याचं एक कारण तिची सासू बाळाबाई. या सासूला ती आत्ती म्हणे. बाळाबाई तोंडानं फटकळ, पण सून जायला निघाली तेव्हा दारात आडवी बसली होती.

"ल्योक माझा गेला. तू कशाला जातीस?" एवढंच म्हणाली होती.

त्याला आता चोवीस वर्षं झाली. दोघी त्याच घरात राहिल्या. हंबीरराव शेजारीच वेगळा राहात होता, भाताची जमीन तोच करायचा आणि वर्षाकाठी त्यांच्या वाट्याची पोती आणून टाकायचा. वरच्या खर्चासाठी झुंबरबाईनं आधी भाताची रोपं लावली, भांगलण करून तण काढलं. पण चिखलात तो बारीक पाय रुतायचा. मग रस्त्याच्या कडेला काजूची शेड निघाली आणि ती तिथं लागली, त्यालाही चौदा वर्षं झाली.

काजूचं काम बायकांचंच. वाफवलेली बी यंत्राच्या पात्यात धरायची, पायानं पट्टी दाबायची, कवच फुटलं की आतला गर सुईनं अलगद काढायचा. पट्टी दाबायला झुंबरबाई डावा पाय वापरी आणि तिच्या हातून गर तुटत नसे, म्हणून शेडचा मुनीम तिला मान देई. पण काजूच्या टरफलात एक काळं तेल असतं. ते कातडी जाळतं. एरंडेल लावा, राख लावा, वर्ष-दोन वर्षांत बोटांची टोकं गुळगुळीत होतात, साल निघते, पुन्हा येते, पुन्हा निघते. हातमोजे घातले तर बी सुटते आणि काम निम्मं होतं. त्यामुळे मोजे खिळ्याला टांगलेले असत आणि बायका उघड्या हातानं बसत.

पेन्शन थांबल्यावर झुंबरबाई तालुक्याला गेली. एका खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "बाई, अंगठा नाही तर आम्ही काय करणार. तुम्ही निराधार बायकांच्या यादीत बघा." ती त्या खिडकीला गेली. तिथं बसलेल्या बाईंनी विचारलं, "विधवा आहात?"

"न्हाय."

"घटस्फोट झालाय?"

"त्यो कशाला करतोय? त्यो गोव्याला हाय."

"मग रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे?"

"त्याचंच."

"म्हणजे कुटुंबप्रमुख हयात आहे," बाई म्हणाल्या आणि कागद परत दिला. आवाजात राग नव्हता. उलट त्यांनी झुंबरबाईला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि कोर्टातून कागद आणायचा सल्ला दिला. तिसऱ्या खिडकीला कामगारांची नोंद होती. तिथंही सुरुवात अंगठ्यापासूनच होती.

परतीच्या एसटीत तिला एकच गोष्ट राहून राहून आठवत होती. म्हापशाला बसलेला गुंडू कागदावर हयात होता, आणि खिडकीसमोर उभी असलेली ती नव्हती.

घरचं रेशन मात्र चालू होतं आणि ते बाळाबाईच्या अंगठ्यावर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, जन्मभर विळा-खुरपं धरलेले हात, पण अंगठा टेकवला की यंत्र लगेच पावती फाडे. बाळाबाई दुकानातून येताना मोठ्या तोऱ्यात असायची. "माझ्या अंगठ्यावर खातीस बरं," सुनेला म्हणायची. एका महिन्यात तिला ताप भरला, उठता येईना, आणि त्या महिन्याचं धान्य गेलं. त्यानंतर बाळाबाईनं तो विनोद केला नाही.

कोल्हापुराहून पद्मजा मॅडम आल्या त्या ह्या सुमाराला, भातं कापणीला आली होती तेव्हा. जिल्ह्यात एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी नवं धोरण ठरत होतं आणि त्याच्या आधी कुणाला काय लागतं याची माहिती गोळा करायची होती. पद्मजा त्या कामावरच्या अधिकारी. वडील शाळामास्तर, स्वतः शिकून परीक्षा देऊन इथवर आलेल्या, चाळिशीच्या आतल्या. अर्ज त्यांनीच तयार केला होता आणि तो नीट चालतो का हे बघायला त्या स्वतः फिरत होत्या. बायका घरी सापडत नाहीत म्हणून थेट काजूच्या शेडमध्ये आल्या.

झुंबरबाईच्या शेजारी स्टूल घेऊन त्या बसल्या आणि हातातल्या टॅबवर प्रश्न विचारू लागल्या. नाव झालं, वय झालं. मग आलं लग्नाचं.

"विधवा, घटस्फोटित की अविवाहित?"

"यातली एकबी न्हाय."

"मग विवाहित लिहू?"

"लिवा. पर नवरा चोवीस वर्सांत बघितला न्हाय तेबी लिवा."

ते लिहायला जागा नव्हती. पद्मजांनी 'विवाहित'वर बोट ठेवलं, कुटुंबप्रमुख म्हणून गुंडूचं नाव टाकलं आणि टॅबवर लाल अक्षरं उमटली. ही व्यक्ती एकल महिला नाही, असं म्हणून अर्ज आपोआप बंद झाला. पायाचा प्रश्न आलाच नाही, हाताचा तर नव्हताच.

झुंबरबाईनं मान वाकडी करून पडद्याकडं पाहिलं. तिला वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकलेली होती ती.

"म्हंजी तुमच्या यंत्रालाबी मी दिसंना व्हय, म्याडम?"

अर्ज पद्मजांचाच होता. त्यांनी टॅब पिशवीत घातला, वही काढली आणि म्हणाल्या, "आक्का, तुम्ही पहिल्यापासून सांगा. मी हातानं लिहून घेते."

झुंबरबाईनं सांगितलं. पाय, गुंडू, बोटं, तिन्ही खिडक्या, म्हातारीचा ताप. यंत्राची पट्टी दाबता दाबताच सांगितलं, कारण काम थांबवलं तर दिवस बुडला असता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पर माझं एकटीचं नेऊन काय उपयोग? त्ये म्हणतील, एका बाईचा हात खराब झाला असंल. जरा थांबा."

जेवणाची सुट्टी झाली तशी तिनं मुनिमाकडून शाईची डबी मागून आणली. एक कोरा कागद घेतला आणि शेडमधल्या तेवीस बायकांना एकेक करून अंगठा उठवायला लावला. कुणाला गंमत वाटली, कुणी कशाला म्हणून विचारलं, पण सगळ्यांनी उठवला. शेवटी मुनिमाचा आणि पद्मजांचा अंगठाही तिनं खाली घेतला. कागद उन्हात धरून पाहिला तर खालच्या दोन ठशांत रेघा स्वच्छ दिसत होत्या. वरच्या तेवीसांतल्या सोळा जागी नुसते निळे डाग होते, शाई सांडल्यासारखे.

पद्मजांनी ते डाग पुन्हा एकदा मोजले. "हा मी बैठकीत दाखवते," त्या म्हणाल्या.

"कागद एकटा गेला की टेबलाखाली जातोय, म्याडम. मी येतो संगट. कधी हाय बैठक?"

अशी ती कोल्हापूरला गेली. पहाटेची एसटी, गडहिंग्लजला बदलली, आणि दहाच्या सुमाराला पद्मजांनी तिला स्टँडवरून रिक्षात घातलं. बैठक एका जुन्या सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. पद्मजा ओशाळल्या. म्हणाल्या, "थांबा, मी वर विचारते, खाली बसता येतंय का."

"चढतो की मी. तवर वर चा सांगून ठेवा."

गुडघ्यावर हात टेकत, दर वळणाला दम घेत ती चढली. ती दारात पोचली तेव्हा बैठक सुरू होऊन अर्धा तास झाला होता. लांब टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती. अध्यक्षस्थानी विजयसिंह नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. दारात घामानं भिजलेली, पाय ओढत येणारी बाई पाहून ते आपोआप उठून उभे राहिले.

पद्मजांनी तिचं सगळं थोडक्यात सांगितलं. मग एक अधिकारी म्हणाले, "अडचण समजली. पण दिव्यांगांसाठी योजना आहे, परित्यक्तांसाठी आहे, कामगारांसाठीही आहे. सगळं एकत्र केलं तर गोंधळ होईल. ताईंनी कुठल्या तरी एकीत बसावं, म्हणजे आपल्याला सोपं जाईल."

झुंबरबाईला कुणी बोल म्हटलं नव्हतं. पण ती बोलली, आणि आवाज न चढवता बोलली.

"साहेब, पाय, नवरा आन हात, तिन्ही एकाच बाईचं हाईत. एका खिडकीला येताना बाकीचं दोन मी कुणाकडं ठेवून यू?"

ती पुढं म्हणाली, "पाय चांगला असता तर मी रोपं लावली असती, काजूत गेलो नसतो. काजूत गेलो नसतो तर बोटं ऱ्हायली असती. नवरा असता तर त्याच्या मोबाईलवर आकडं आलं असतं. एकाचं दुसऱ्यात गुतलंय. तुमी येगळं करून बघताय, म्हणून परत्येक खिडकीला वाटतंय, हिचं थोडकंच हाय, दुसरीकडं भागंल."

मग तिनं पिशवीतून तो अंगठ्यांचा कागद काढला आणि टेबलावर सरकवला. खालचे दोन ठसे कुणाचे तेही सांगितलं. कागद हातोहात फिरत अध्यक्षांपर्यंत गेला. विजयसिंहांनी चष्मा काढून तो डोळ्याजवळ धरला. मग विचारलं, "अशा किती जणी असतील जिल्ह्यात?"

पद्मजांनी तक्ते पुढं ठेवले. बायकांच्या तक्त्यात त्यांच्यातल्या दिव्यांग किती, ते नव्हतं. दिव्यांगांच्या तक्त्यात बायका किती ते होतं, पण एकट्या किती ते नव्हतं. आणि ज्यांची बोटं कामानं झिजली त्यांची मोजणी कुठंच नव्हती, कारण त्या नोंदणीच्या दारातूनच परत गेल्या होत्या.

"पण उद्या कोणीही येऊन सांगेल, नवरा सोडून गेला," दुसरे एक जण म्हणाले. "खरं-खोटं कसं करायचं?"

"गावाला इचारा," झुंबरबाई म्हणाली. "कुणाचा नवरा कवापासनं घरात न्हाय, ते गावात बायकांला ठावं असतंय. कोर्टाला कुठनं म्हाईत असणार?"

पट्टेवाला खालून चहा घेऊन आला. चर्चा बरीच चालली, काही तिला कळली, काही नाही. शेवटी असं ठरलं की सगळ्या जिल्ह्याचं नंतर बघू, पण तीन गावांत आधी करून पाहायचं. तीन वेगळे अर्ज नकोत, एकच अर्ज असेल आणि त्यात एका बाईला लागू असेल तेवढ्या सगळ्या ठिकाणी खूण करता येईल. नवरा नसल्याचं महिलांची ग्रामसभा सांगेल. बोटं उठत नसतील तिथं डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारं यंत्र नेलं जाईल. पहिलं गाव करंजवाडी. निघताना विजयसिंह तिला म्हणाले, "पुढची बैठक तळमजल्यावर घेऊ." ती म्हणाली, "घ्या. माझ्यापरास तुमच्या पट्टेवाल्याला बरं पडंल, जिना चढताना धापा टाकत होता."

घरी आल्यावर बाळाबाईनं विचारलं, "काय दिलं?"

"दिलं काय न्हाय, आत्ती. पर ऐकून घेतलं."

"ऐकून घेणारं लई बघितलं," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली.

महिना गेला, दुसरा गेला. झुंबरबाई रोज शेडला जात होती आणि आपण उगीच एवढ्या लांब जाऊन बोललो की काय, असं तिला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिला ग्रामसभेची नोटीस लागली.

सभा मंदिरासमोरच्या मांडवात भरली. साठ-सत्तर बायका असतील. पद्मजा आल्या होत्या, ग्रामसेवक वही घेऊन बसले होते. पुरुषांनी बोलायचं नव्हतं, पण कडेला उभं राहायला मनाई नव्हती, त्यामुळे हंबीररावही आला होता. झुंबरबाईचं नाव निघालं तसा तो पुढं सरकला.

"माझं काय म्हणणं हाय," तो म्हणाला, "वैनीला पेन्शन मिळूदे, आमची ना न्हाय. पर भावानं बायकू टाकली असं सरकारी कागदावर चढलं तर घराण्याचं नाव जातंय. उद्या त्या कागदावरनं जमिनीची वाटणीबी मागतील."

मांडवात कुजबूज सुरू झाली. झुंबरबाई खाली बघत बसली. सभेत आपल्या नवऱ्याबद्दल बोलायचं म्हणजे काय, हे तिला आत्ता खरं कळत होतं. कोल्हापुरात परक्या माणसांपुढं बोलणं सोपं गेलं होतं.

तेव्हा बाळाबाई उठली. शेजारणीचा खांदा धरून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि आधी हंबीररावकडं वळली.

"तू गप. वाटणीचं त्वा काढलंस, तिनं न्हाय काढलं. आन काढलं तरी तिचा हक्कच हाय." मग ती ग्रामसेवकाकडं वळली. "गुंडू माझ्या पोटचा हाय. तवा मलाच सांगू द्या. चोवीस वर्सं झाली, त्यो घरात न्हाय. तिकडं त्याचं दुसरं घर हाय, पोरं हाईत. येवढ्या वर्सांत एकदाबी न्हाई आला, बाप मेला तवाबी न्हाई आला. मला ताप आला तर ह्या पोरीनं लंगडत जाऊन डाक्टर आणला. लिवा तुमी, नवऱ्यानं टाकलेली. आन खाली लिवा, सासूनं सांगितलं."

ती बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. ग्रामसेवक लिहायला लागले.

"थांबा," झुंबरबाई म्हणाली. "टाकलेली नका लिवू. मला काय कुणी रस्त्यावर टाकलेलं न्हाय. नवरा निघून गेला, असं लिवा. गेला त्यो. मी हितंच हाय."

ग्रामसेवकांनी पद्मजांकडं पाहिलं. अर्जावर छापील शब्द 'परित्यक्ता' होता. पद्मजांनी तो खोडला आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पती निघून गेलेली'. मग सगळ्या बायकांना विचारलं, हे खरं आहे का. एकेक करत हात वर गेले. मागं बसलेली हंबीररावची बायको क्षणभर थांबली, नवऱ्याकडं न बघता तिनंही हात वर केला.

त्या दिवशी आणखी पाच बायकांची नावं निघाली. त्यातल्या दोघी अशा होत्या की, त्यांचे नवरे नाहीत हे गावाला माहीत होतं, पण त्यांनी स्वतः ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. एकीनं तर घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून नवऱ्याचा सदरा आजवर दोरीवर वाळत घातलेला ठेवला होता. तिनं नाव नोंदवलं आणि घरी जाताना झुंबरबाईचा हात नुसता दाबला.

डोळ्याचं यंत्र आलं ते आठवड्यानं. बाळासोच्या सेवा केंद्रात, दुर्बिणीसारखं, काळं. बाहेर शेडमधल्या बायकांची रांग लागली होती, मुनिमानं स्वतःहून निम्मा दिवस सुट्टी दिली होती. पहिली झुंबरबाई. तिनं डोळे लावले.

"आक्का, डोळं मोठं करा. पापणी हलवू नका."

"लवकर कर, पाणी यायला लागलंय."

"येऊद्या. झालं बघा."

दिवा हिरवा झाला. बाळासोनं पडद्यावरचं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मग छापून निघालेला कागद तिच्या हातात दिला. "घ्या. तुमी हयात हाय," तो म्हणाला. ग्रामसभेच्या नोंदीवरून निघालेलं नवं रेशनकार्डही त्यानं सोबत दिलं. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव होतं आणि खाली सदस्य म्हणून बाळाबाईचं.

झुंबरबाई बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिला वाटलं होतं, फार आनंद होईल, हसू येईल. तसं काही झालं नाही. फक्त खांद्यातून काहीतरी उतरलं, पाण्याची घागर दारात आणून ठेवल्यावर उतरतं तसं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की इतके महिने आपले खांदे वर ओढलेलेच होते. तिनं मोठा श्वास सोडला. रांगेतल्या बायका काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या. तिनं नुसता कागद वर करून दाखवला.

सगळं मिटलं असं नाही. बाकीच्या गावांचं अजून कोल्हापुरात फिरतंय, आणि पद्मजा मॅडम आल्या की पुढच्या बैठकीचं सांगतात. काजूच्या शेडमध्ये मोजे अजून खिळ्यालाच आहेत. पातळ, बोटांना चिकटून बसणारे मोजे मिळतात का ते मुनीम चौकशी करतोय, म्हणे. हंबीरराव महिनाभर बोलत नव्हता. मग एके दिवशी भाताची पोती घेऊन आला, ओसरीवर ठेवली, आणि न मागता पाणी पिऊन गेला.

बाळाबाईला झुंबरबाईनं नवं कार्ड दाखवलं तेव्हा म्हातारीनं ते उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण आपल्या नावाची जागा विचारून घेतली.

"म्हंजी आता मी तुझ्या कार्डावर."

"व्हय, आत्ती."

"बरं झालं. त्याच्या कार्डावर मरायचं जिवावर आलतं माझ्या."

रविवारी शेड बंद होती. झुंबरबाई दळण टाकून परत येताना बांधावर टेकली. भातं निघून गेलेली, खाचरांत नुसती खुंटं उरलेली, आणि त्यांच्यावर बगळे बसले होते. एरवी ती बांधावर कधी बसायची नाही, बसलं की उठताना पायाला त्रास होतो म्हणून. आज बसली. घरी जायची घाई नव्हती, कुठली खिडकी बंद व्हायची नव्हती. लांबून नेसरीची एसटी वळणं घेत वर येताना दिसत होती. एसटी गावात पोचेपर्यंत झुंबरबाई तिथंच बसून राहिली.